आठ सेकंद, आठ वर्षं

"घाई नको करू रे, त्याचा दम संपू दे!"

6 डिसेंबर 2017 ची रात्र. आमच्या ओटीवरच्या टीव्हीत भुवनेश्वरचं कलिंगा स्टेडियम उजळलेलं होतं आणि नाना पडद्यातल्या गोलकीपरला ओरडून सांगत होते. नानांनी उभ्या जन्मात हॉकीची काठी हातात धरलेली नाही. अलिबागपासून मुरूडपर्यंतच्या किनाऱ्यावर जुनी माणसं त्यांना ओळखतात ती 'डावा कोपरा' म्हणून. सुपारीच्या वाड्यांना लागून असलेल्या मैदानांत, संध्याकाळी पाणी मारून बसवलेल्या मातीत, त्यांनी वीसेक वर्षं कबड्डीत एकच काम केलं. समोरचा आत येईपर्यंत थांबायचं.

पडद्यावर चाललं होतं हॉकी वर्ल्ड लीग फायनलमधल्या उपांत्यपूर्व सामन्याचं शूटआउट. एकीकडे रिओ ऑलिंपिकचं रौप्यपदक गळ्यात घालून आलेला बेल्जियम, दुसरीकडे भारत. पूर्ण वेळेनंतर 3-3. भारताच्या गोलात यवतमाळचा आकाश चिकटे.

नानांना नियम समजवायला मला मिनिटही लागलं नाही. चेंडू 23 मीटरच्या रेषेवर ठेवतात. शिटी झाली की तिकडून एकटा आक्रमक निघतो, इकडून गोलरेषेवरचा गोलकीपर पुढे येतो. मधे दुसरं कोणी नाही. आठ सेकंदांत गोल झाला तर झाला, नाहीतर भोंगा. नाना म्हणाले, "म्हणजे चढाईच की ही. आणि आपल्याकडे उरलाय एकटा कोपरा."

मी तोवर हॉकी बघायचो ती चेंडूमागे डोळे पळवत. गोलकीपर मला दिसायचा तो चेंडू त्याच्यावर आदळल्यावर. त्या रात्रीपासून मी आधी गोलकीपर बघतो. हे लिहितोय तेही त्याच नजरेनं.

आता कबड्डीच्या चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ आहे. जुन्या खेळात ते घड्याळ चढाई करणाऱ्याच्या छातीत असे. 'कबड्डी, कबड्डी'चा घोष एका श्वासात चालला पाहिजे, तो तुटला की गडी बाद. त्यामुळे पकड करणाऱ्यांच्या बाजूनं कायम एक अदृश्य गडी खेळत असे, तो म्हणजे वेळ. उतावळा कोपरा त्या गड्याला विसरतो, पुढे झेपावतो आणि हाताला लागून जातो. कसलेला कोपरा किंचित वाकून उभा राहतो. पाय देतो, पाय काढून घेतो, पुन्हा देतो. आत आलेल्याला परतायची घाई व्हावी, इतका वेळ तो नुसता असतो. परतायला वळलेल्या पायाचा घोटा मग त्याचा. शूटआउटमधले आठ सेकंद म्हणजे आक्रमकाचा दम. गोलकीपरची सगळी कला तो दम समोरच्याला संपवायला लावण्यात आहे.

हे आठ सेकंद जरा जवळून बघू.

पहिल्या दोन सेकंदांत गोलकीपर पुढे धावतो. का धावतो, हे कंदिलापुढे हात धरून पाहिलेल्या कुणालाही कळेल. हात भिंतीजवळ असेल तर सावली हाताएवढीच पडते. तोच हात कंदिलाजवळ नेला की सावली अख्खी भिंत व्यापते. चेंडू हा कंदील आणि गोल ही भिंत. हॉकीचा गोल 3.66 मीटर रुंद आणि 2.14 मीटर उंच असतो. रेषेवर उभा राहिलेला माणूस त्यातला थोडाच भाग झाकतो. तोच माणूस पाच-सहा मीटर पुढे आला की चेंडूच्या जागेवरून बघणाऱ्याला गोलाच्या फक्त कडा दिसतात.

तिसऱ्या सेकंदाला तो थांबतो. धावणं शिकवता येतं, थांबणं फार थोड्यांना येतं. कारण समोरून येणारा माणूस चेंडू घेऊन वेगात आहे आणि शरीर सांगत असतं, जा, भिड. धावत्या गोलकीपरला चकवणं सोपं, त्याचा वेगच त्याला पुढे घेऊन जातो. थांबलेल्याला चकवायला आक्रमकाला स्वतःहून काहीतरी करावं लागतं. इथून हुलकावण्या सुरू होतात. चेंडू डावीकडून उजवीकडे ओढायचा, काठी उलटी करून परत घ्यायचा, पाठ फिरवून गिरकी घ्यायची. नाना पोरांना सांगायचे, चढाई करणाऱ्याच्या हाताकडे बघू नका, कमरेकडे बघा. गोलकीपरचंही तेच. काठी दहा दिशा दाखवते, पण वजन शेवटी एकाच पायावर जातं.

चौथ्या-पाचव्या सेकंदाला गोलकीपर मागे सरकू लागतो, आक्रमकाला आपल्यासमोर ठेवत. आणि इथे तो एक गोष्ट करतो, जी सावकाश करून दाखवलेल्या चित्रणातही पटकन लक्षात येत नाही. एका बाजूची जागा तो जरा जास्त उघडी सोडतो. समोरच्याला वाटतं, फट सापडली. ती फट गोलकीपरनेच ठेवलेली असते. जसजसा आक्रमक तिकडे सरकतो, तसतसा तो बाहेर जातो, कोन अरुंद होतो, आणि घड्याळ चालूच असतं.

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसून जंजिऱ्याला गेलेल्यांना ही फसगत नवी नाही. होडी निम्मी वाट कापते तरी किल्ल्याचा दरवाजा दिसत नाही. तटबंदी आणि बुरूज, पुन्हा बुरूज. अगदी भिंतीखाली आल्यावर दोन बुरुजांच्या बेचक्यातून तो एकदम पुढ्यात येतो. आमच्या पट्ट्यातल्या पोरांचं मन या किल्ल्याच्या बाबतीत कायम चढाई करणाऱ्यांकडे असतं. शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग उभारला, संभाजी महाराजांनी समुद्रात भराव घालायला घेतला, हे ऐकतच आम्ही वाढलो. आणि तरी होडी त्या भिंतीखाली आली की बोलणं थांबतं. बांधणाऱ्याला काय कळलं होतं, ते अंगावर येतं. गोलकीपरची कला मनापासून आवडायला मला वेळ लागला, त्याचं कारणही हेच असावं. आपल्या बखरी चढाईच्या आहेत. राखणाऱ्याचं कौतुक करायला शब्द शोधावे लागतात.

सहावा आणि सातवा सेकंद. आता आक्रमकाला मारावंच लागणार. गोलकीपरच्या अंगावर पायांचे जाड पॅड, बुटांवर चढवलेले किकर, दोन्ही हातांचे फोमचे चौकोन, छातीची ढाल, शिरस्त्राण. एवढं लेवून एकदा आडवा झालेला माणूस चटकन उठत नाही. म्हणून सगळा प्रश्न एकच उरतो, आधी कोण पडतं. गोलकीपर आधी आडवा झाला तर त्याच्यावरून अलगद उचललेला चेंडू जाळ्यात. तो उभा राहिला आणि समोरच्यानेच आधी ठरवून टाकलं, तर मग पडायचं, पण कुठे पडायचं हे ठाऊक असताना. आणि आठवा सेकंद पुष्कळदा भोंग्याचाच असतो.

त्या रात्री पाच-पाच प्रयत्न झाले तेव्हा फळा 2-2 दाखवत होता. म्हणजे जगातल्या उत्तम संघांपैकी एकाला चिकटेसमोर पाचांपैकी तीन वेळा रिकाम्या हाताने परतावं लागलं होतं. मग अचानक-निर्णयाची फेरी. भारताच्या हरमनप्रीतने गोल केला. बेल्जियमकडून आर्थर व्हॅन डोरेन आला. बचावात खेळणारा, पण चेंडूवर असा ताबा की त्याच वर्षीचा जगातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून पुढे तो निवडला गेला. त्याचाही गोल झाला नाही. भारत 3-2 ने जिंकला. नाना खुर्चीतून उठले होते ते कळलंच नाही. त्यांचे दोन्ही हात पुढे होते, बोटं पसरलेली, जशी घोट्यावर पडायच्या आधी असतात.

इथवरचं वाचन आठ सेकंदांचं झालं. पण गोलकीपरची कहाणी त्या आठ सेकंदांत मावत नाही. ते मिळवायला किती वर्षं बाकावर बसावं लागतं, हा त्याच कहाणीचा दुसरा, जास्त अवघड भाग आहे.

हॉकीत आघाडीचे खेळाडू दर काही मिनिटांनी आत-बाहेर होत राहतात. अठरा जणांच्या संघातला अठरावा गडीही सामन्यात चार वेळा पळून येतो. गोलकीपरची जागा मात्र एकच, आणि ती भरलेली असते. संघात दोन गोलकीपर असले तरी दुसरा बऱ्याचदा आधीच्या सरावात घाम गाळून साठ मिनिटं बसून राहतो. ऑलिंपिकला तर सोळाच जण. पॅरिसला 2024 मध्ये त्या सोळांत गोलकीपर एकटा पी. आर. श्रीजेश होता. दुसऱ्या गोलकीपरचं, कृष्ण पाठकचं, नाव राखीव तिघांत होतं.

हा श्रीजेशसुद्धा कधीकाळी दुसराच होता. 2006 मध्ये तो भारताकडून पहिल्यांदा खेळला तेव्हा पुढे मुंबईचा एड्रियन डिसूझा होता, 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकचा अनुभव पाठीशी असलेला, आणि भरत छेत्री होता. 2012 च्या लंडन ऑलिंपिकला छेत्री कर्णधारच होता. हक्काची जागा मिळायला श्रीजेशला बरीच वर्षं गेली. मग मात्र ती त्याने अशी धरली की मागच्यांना फटच दिसेना. 5 ऑगस्ट 2021 ला टोकियोत कांस्यपदकाच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध 5-4 अशी आघाडी, सहा सेकंद उरलेले आणि जर्मनीला पेनल्टी कॉर्नर. 'डी'च्या टोकावरून, म्हणजे पंधरा मीटरच्याही आतून ताशी शंभराहून जास्त वेगाने आलेल्या फ्लिकला गोलापर्यंत यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. तो त्याने अडवला आणि नंतर गोलाच्या आडव्या दांड्यावर चढून बसला. तीन वर्षांनी पॅरिसला ब्रिटनविरुद्ध भारत सतराव्या मिनिटापासून दहा जणांनिशी खेळला. सामना शूटआउटला गेला आणि फिल रोपरचा प्रयत्न श्रीजेशने अडवला. कांस्यपदक घेऊन तो निवृत्त झाला तेव्हा त्याचा 16 क्रमांकाचा सदराच वरिष्ठ संघाने बाजूला ठेवला.

आता या उंच झाडाच्या सावलीत वाढणाऱ्यांचं काय होतं ते पाहा. आकाश चिकटेचा जन्म यवतमाळचा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, सेनादलात गेला. त्याला जागा मिळाली ती श्रीजेश जायबंदी झाला म्हणून. 30 ऑक्टोबर 2016, लक्ष्मीपूजनाचा दिवस. मलेशियात क्वांतानला आशियाई चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना, समोर पाकिस्तान. उपांत्य फेरीत शूटआउट जिंकून देणारा श्रीजेश बाहेर आणि गोलात चिकटे. भारत 3-2 ने जिंकला. पुढच्या वर्षी श्रीजेशचा गुडघा गेला आणि जागा महिनोन्‌महिने रिकामी झाली. ऑक्टोबर 2017 मध्ये ढाक्याला भारताने आशिया चषक जिंकला तेव्हा संघातले दोन्ही गोलकीपर महाराष्ट्रातले होते, यवतमाळचा चिकटे आणि मुंबईचा सूरज करकेरा. मराठी क्रीडा पानांनी या गोष्टीचं करायला हवं होतं तेवढं कौतुक केलं नाही, ही खंत मला आजही आहे.

भुवनेश्वरच्या त्या शूटआउटनंतर काही महिन्यांतच, 2018 मध्ये, चिकटे उत्तेजक चाचणीत अडकला आणि त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. शिक्षा नियमाप्रमाणे झाली, त्याबद्दल वाद नाही. पण दोन वर्षं हा शब्द आघाडीच्या खेळाडूला वेगळा लागतो आणि गोलकीपरला वेगळा. एक खुर्ची असलेल्या घरात उठलेल्या माणसाची जागा रिकामी राहत नाही. पंचविशीत ज्याने व्हॅन डोरेनला रोखलं, तो त्या निळ्या जर्सीत पुन्हा दिसला नाही. नाना अजून कधीतरी विचारतात, "तो यवतमाळचा पोरगा?" मी सांगतो.

हे एकाच खेळाचं दुखणं नाही. बर्फावरच्या हॉकीतले गोलकीपर पाहा. उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये प्रत्येक सामन्याला दोघं सगळा साज चढवून येतात, एक खेळतो. दुसरा बाकाच्या टोकाला बसून आत-बाहेर करणाऱ्या सहकाऱ्यांसाठी फाटक उघडतो. चेकोस्लोव्हाकियाचा डोमिनिक हाशेक असाच बसला. शिकागोने त्याला 1983 मध्ये निवडून ठेवलं, तो तिकडे पोचला 1990 मध्ये, आणि तिथे एड बेलफोर आधीच पाय रोवून होता. मग बफेलो. पहिला गोलकीपर जायबंदी झाला तेव्हा कुठे 1993-94 च्या हंगामात हाशेकला सलग खेळायला मिळालं. वय जवळजवळ एकोणतीस. त्या हंगामात त्याच्यावर सामन्यामागे सरासरी दोनाहूनही कमी गोल झाले आणि लीगमधल्या सर्वोत्तम गोलकीपरचा मान त्यालाच मिळाला. 1998 च्या नागानो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात कॅनडाचे पाच जण एकामागून एक त्याच्यावर चालून आले. पाचांतल्या एकालाही गोल करता आला नाही. चेक संघ सुवर्ण घेऊन घरी गेला.

हाशेकची जुनी चित्रणं मी नानांना दाखवली. त्यांना ती मुळीच पटली नाहीत. कारण हा माणूस सतत पडतो. लोळतो, पाय हवेत, कधी काठीच टाकून देतो. मलाही माझं 'आधी कोण पडतं' हे सूत्र तिथे अडखळताना दिसलं. मग मापं ताडून बघितली. बर्फावरचा गोल 1.83 मीटर रुंद आणि फक्त 1.22 मीटर उंच. गुडघ्यावर बसलेला माणूससुद्धा त्याचा मोठा भाग भरतो, आणि रबराची चकती पुष्कळदा बर्फालगत येते. आमच्या हॉकीचा गोल त्याच्या साडेतीनपट मोठा, तिथे बसणारा बुडाला. पण हाशेकचं लोळणंही नीट पाहिलं तर तो पडतो ते समोरच्याने मारायचं ठरवल्यानंतर. त्याआधीचा तो अर्धा क्षण तोही उभाच असतो. नानांनी तेवढं मान्य केलं.

आपल्याकडे ही बर्फावरची हॉकी आहे ती मुख्यतः लडाखमध्ये. तिथली नूरजहाँ भारतीय महिला संघाची गोलकीपर. तिचा दुसरा व्यवसाय जुनी भित्तिचित्रं आणि थांगका जतन करण्याचा. शेकडो वर्षांच्या रंगावरची धूळ, रंगाचा कणही न हलवता काढायची. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. दोन्ही कामांना लागतो तो हात एकच आहे.

पुन्हा भुवनेश्वर, 10 डिसेंबर 2017. बेल्जियमला हरवून भारत उपांत्य फेरीत भर पावसात अर्जेंटिनाकडून 0-1 ने हरला होता. कांस्यपदकासाठी समोर जर्मनी. त्यांचे इतके खेळाडू आजारी की आघाडीला माणूस पुरेना. तेव्हा त्यांनी आपला दुसरा गोलकीपर मार्क अॅपेल पॅड उतरवून पुढे पाठवला. आणि भारताच्या गोलात त्या दिवशी चिकटे नव्हता, सूरज करकेरा होता. म्हणजे एका दुसऱ्या गोलकीपरवर चाल करून आला तो दुसराच एक दुसरा गोलकीपर. अॅपेलने गोल केलासुद्धा! बाकावर बसून इतकी वर्षं त्याने आक्रमकच तर पाहिले होते. भारताने सामना 2-1 ने जिंकला. त्या गोलानंतर करकेराच्या चेहऱ्यावर काय होतं हे जाळीमागे दिसलं नाही, पण तो लगेच दोन्ही खांबांना काठीने एकेकदा टेकवून आपल्या जागी येऊन उभा राहिला, असं माझ्या मनात चित्र आहे.

करकेराचं पुढचं सगळं याच पद्धतीने चाललं. 2018 चा विश्वचषक आला, गोलात श्रीजेश आणि पाठक. टोकियो आलं, गेलं. 2021 ला ढाक्यात आशियाई चॅम्पियन्स करंडक, करकेरा संघात. 2022 ला जकार्तात आशिया चषक, संघात. पॅरिस आलं, गेलं. कधी यादीत, कधी यादीबाहेर. श्रीजेश निवृत्त झाल्यावर महिन्याभरात, सप्टेंबर 2024 मध्ये, चीनमध्ये आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकणाऱ्या संघात पाठकच्या बरोबरीला पुन्हा तोच होता.

गेल्या वर्षी, 7 सप्टेंबर 2025 ला, राजगीरला आशिया चषकाचा अंतिम सामना होता. अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस. किनाऱ्यावर आदल्या रात्रीची फुलं वाळूत रुतलेली, आणि खग्रास चंद्रग्रहणाचे वेध लागलेले, त्यामुळे घरात जेवणखाणाची गडबड नव्हती. नाना टीव्हीपुढे लवकर येऊन बसले. मी पेपरातून संघ वाचून दाखवला. गोलकीपर कृष्ण बहादूर पाठक, सूरज करकेरा.

"करकेरा म्हणजे त्या जर्मनीच्या वेळचा?"

"तोच. ढाक्याचा आशिया चषक जिंकला तेव्हाही होता. आठ वर्षं झाली."

नानांनी बोटांवर हिशेब केला, मग मान हलवली. "म्हणजे अजून पडला नाही," म्हणाले, आणि खुर्ची टीव्हीजवळ ओढून घेतली. समोर कोरियाचे खेळाडू रांगेत उभे राहत होते.